भोपळ्याला पहिली सुरी

सुमेध पाटणकरला सिंह व्हायचं नव्हतं. ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार, दुपारचे साडेतीन, पारा छत्तिसावर. अशा वेळी कुवेतमधला कुठलाही शहाणा माणूस एसी सोडून हलत नाही. सुमेध मात्र लेकीच्या हट्टापायी अंगात पिवळा मखमली अंगरखा, मागे शेपूट आणि मानेभोवती दीड किलो तपकिरी लोकरीची आयाळ घालून हिरवळीवर उभा होता. आयाळ आईनं विणली होती. प्रभाबाई दोन महिन्यांपूर्वी कराडहून कुवेतच्या सलवा भागात मुलाकडे आल्या, त्या स्वेटरसाठी लोकर घेऊनच. इथली हवा पाहिल्यावर स्वेटर राहिला बाजूला आणि सगळी लोकर सुमेधच्या गळ्यात आली.

निमित्त होतं शहराबाहेरच्या एका खाजगी प्राणिबागेतल्या मेळाव्याचं. होता तो हॅलोविनच, पण पोस्टरवर तो शब्द टाकायची कुणाची छाती नव्हती. ‘भोपळ्यांचा कौटुंबिक मेळावा’ असं मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली बारीक अक्षरांत नियम. भुतं नकोत, कवट्या नकोत, रक्त तर मुळीच नको. मुलांनी प्राण्यांचे वेश करून यावं, आई आणि मुलानं मिळून भोपळ्यावर बागेतल्या एखाद्या प्राण्याचा चेहरा कोरावा, आणि ज्याचा पहिला नंबर येईल त्या मुलानं आपला भोपळा स्वतःच्या हातानं लूलूला भरवावा. लूलू म्हणजे बागेतली पाणघोडी.

स्पृहानं ते पोस्टर वाचलं त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. “बाबा, डू यू नो, हिप्पोचा जबडा वन फिफ्टी डिग्रीज उघडतो!” ही माहिती तिनं महिनाभर न्याहारीला, जेवताना आणि गाडीत रोज पुरवली होती. आठ वर्षांच्या त्या पोरीला मेडल नको होतं, फोटो नको होता. तिला लूलूच्या तोंडात भोपळा टाकायचा होता, बस्स.

सुमेध निर्धास्त होता, कारण त्याची बायको सर्जन होती. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी प्रणिताच्या हातांकडे बघत राहायची त्याची सवय गेली नव्हती. ती सफरचंद सोलायला बसली की साल एकसंध उतरायची. स्पृहाच्या तळव्यातली काच तिनं काढली होती तेव्हा पोरीला पत्ताही लागला नव्हता. सुमेध स्वतः शहरातल्या मिरकाब भागात एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि सुरीला इतका भ्यायचा की दुधाची पिशवीसुद्धा दातानं फोडायचा. त्याच्या घरात जे काही कापलं जायचं ते प्रणिताच्या हातून.

हिरवळीवर बत्तीस टेबलं होती आणि प्रत्येक टेबलावर एकेक भोपळा. मेळाव्याची सगळी सूत्रं हारून नावाच्या एका उत्साही हैदराबादी माणसाकडे होती. स्पर्धा आया आणि मुलांची, म्हणून त्यानं सगळ्या बाप लोकांना कॉफीच्या तंबूत पिटाळलं. आज्या चालतील म्हणाला. सुमेधला मात्र त्यानं हटकलं नाही, कारण हा सिंह प्राणिबागेचाच नोकर असणार अशी त्याची समजूत झाली होती. शिट्टी वाजली. वेळ पाऊण तास. प्रणितानं सुरी उचलली.

“थांब!” प्रभाबाई ओरडल्या.

शेजारच्या चार टेबलांवरच्या सुऱ्याही थांबल्या.

“अगं, अख्खा भोपळा आहे तो. बाईनं पहिली सुरी लावायची नसते.”

“आई, दोन महिने रोज भाजी चिरतेय की मी!”

“ती दुकानातली फोड असायची. फोडीला नसतं ते. अख्ख्याला पहिला घाव पुरुषानंच घालायचा. बळीचा मान असतो त्याला.”

“आई, मी काल सकाळी एका माणसाचं पोट उघडलं.”

“माणसाची गोष्ट वेगळी. तो सही करतो, मग तुम्ही कापता. भोपळ्यानं सही केलीये?”

प्रणितानं सुरी खाली ठेवली. स्पृहा झेब्र्याच्या पोशाखात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. “आजी, टाइम जातोय!”

“जात नाही कुठं. सुमेध, ये इकडे.”

सुमेधनं सुरी दोन बोटांत धरून अंगापासून लांब ठेवली. पण एक घाव म्हणजे काय, जेमतेम दोन सेकंदांचं काम. तो डोळे मिटून सुरी टेकवणार, इतक्यात शेजारच्या टेबलावरची विशाखा पुढं आली. विशाखा इंदूरची, सलवामध्ये यांच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी.

“आंटी, हमारे यहाँ भी यही है. मैं तो भूल ही गई थी! मेरी सास को पता चला तो जान ले लेंगी. और ये तो तंबू में मॅच देख रहे हैं.”

“अरे, मेरा लडका है ना!” प्रभाबाई म्हणाल्या. मग सुमेधकडे वळून, “आधी तिचा कर. आपला काय, घरचाच आहे.”

पाहुण्यांना आधी वाढायचं आणि आपण मागून बसायचं, हे प्रभाबाईंच्या हाडामाशी भिनलं होतं. त्यांनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली, विशाखाच्या भोपळ्याला बोट लावलं आणि सुमेधनं दात-ओठ खात पहिला घाव घातला. विशाखाच्या मुलानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच घात केला. दोन टेबलांपलीकडची तेलुगू नर्स बघत होती. तिच्याकडेही हेच. तिच्या पलीकडे बिहारमधल्या छपऱ्याच्या दोघी बहिणी. बघता बघता भोपळे काखोटीला मारून बायकांची रांग लागली आणि प्रभाबाईंनी रांगेचा कारभार हाती घेतला. “एकेक करके! कुंकू पहले, चाकू बाद में!”

हारून धावत आला. कुंकवाचे लाल ठिपके पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “अम्मा, खून नक्को! नकली खून भी नक्को! पोस्टर में लिखा है!”

“खून नही, कुंकू है! भोपळ्यालाच लावलंय, तुला लावू का?”

हारूननं दोन पावलं माघार घेतली. मग त्यानं रांग पाहिली, सिंह पाहिला, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माइक तोंडाला लावून त्यानं इंग्रजीत, अरबीत आणि हिंदीत जाहीर केलं की पहिला घाव आपला सिंह घालेल, सगळ्यांनी लाभ घ्यावा. झालं. ज्यांच्या घरी असला काही रिवाज नव्हता त्यासुद्धा उठल्या. सिंहाच्या हातून भोपळा कापून घ्यायला पोरांनी हट्ट धरला. एक कुवेती आजीबाई, पायघोळ काळ्या अबायात, नातवाला घेऊन अगदी शांतपणे रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

सुमेधच्या मनगटाला कळ लागली. आयाळीखालून घामाच्या धारा वाहत होत्या. तरी त्याला एक गोष्ट नवलाची वाटत होती, ती म्हणजे त्याची आई. दोन महिने जी बाई एकटी लिफ्टनं खाली जायला घाबरत होती, ती सहा भाषांच्या बायकांना मराठी हिंदीत ताब्यात ठेवून होती आणि सगळ्यांचंच तिच्यावाचून अडत होतं.

“आई, आपला!” तो दर दोन भोपळ्यांनंतर म्हणायचा.

“एवढ्या उन्हात बाया उभ्या आहेत. बरं दिसतं का?”

तिकडे स्पृहा आपल्या अख्ख्या भोपळ्याला मिठी मारून बसली होती. आता ती नाचत नव्हती, बोलतही नव्हती. प्रणितानं घड्याळ पाहिलं, पेन्सिलीनं भोपळ्यावर पाणघोडीचा चेहरा रेखून ठेवला आणि सुरीकडे एकदा बघून हात मागे घेतला. सासूबाई चार दिवसांनी परत जाणार होत्या. जाता जाता वाद नको.

कुवेती आजीबाईंचा भोपळा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कडक निघाला. सुमेधनं जोर लावला. सुरी घसरली. “आई गं!” असा सिंहाला न शोभणारा आवाज आला आणि डाव्या तर्जनीतून रक्ताची धार लागली. स्वतःचं रक्त पाहताच सुमेध खाली बसला.

हारून पुन्हा हजर. टेबलावर पसरलेला लाल रंग त्यानं निरखून पाहिला. आता त्याला अनुभव होता. “कुंकू?” त्यानं विचारलं.

“कुंकू,” प्रभाबाई ठाम स्वरात म्हणाल्या आणि पदरानं टेबल पुसलं.

“माशाल्ला, बहोत चमक रा,” म्हणून तो समाधानानं निघून गेला.

प्रणिता धावत आली. तिनं बोट धुतलं, दाबून धरलं, नवऱ्याचा हात डोक्याच्या वर उचलला आणि पट्टी बांधली. सगळं मिळून तीन मिनिटं. तेवढ्यात ती सुमेधशी स्पृहाच्या शाळेविषयी असं काही बोलत राहिली की त्याला भोवळ यायला सवडच मिळाली नाही. प्रभाबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. सून दवाखान्यात जाते हे त्यांना ठाऊक होतं. ती तिथं काय करते, हे त्या आज पहिल्यांदा पाहत होत्या.

“अकरा मिनिटं!” माइकवरून हाक आली.

स्पृहाच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. चेहऱ्यावर रंगवलेले झेब्र्याचे पट्टे गालावर उतरले. बाबांचा हात वर, भोपळा तसाच.

प्रभाबाईंनी नातीकडे पाहिलं, मुलाच्या बोटाकडे पाहिलं, आणि सुरी स्वच्छ पुसून सुनेपुढं धरली. “घे.”

“पण आई, पहिला घाव पुरुषानं...”

“घातला की त्यानं! स्वतःच्या बोटावर. रक्तसुद्धा निघालं. बळीबिळी जे काय व्हायचं ते झालं. आता काप तू बिनधास्त.”

यानंतर जे झालं ते सुमेधनं जमिनीवर बसून, एक हात वर धरून, भान हरपून पाहिलं. प्रणिताची सुरी भोपळ्यात लोण्यात जावी तशी गेली. तिनं सवयीनं, न बघता, उजवा हात बाजूला पसरला. “चमचा.” प्रभाबाईंनी चमचा हातात ठेवला. “लहान सुरी.” लहान सुरी आली. “पुसा.” प्रभाबाईंनी भोपळा पुसला, आणि घाईघाईत सुनेचं कपाळही पुसलं. जबडा उघडला, नाकपुड्या फुगल्या, खालचे दोन सुळे वर आले, इवलेसे डोळे मिश्कील हसायला लागले. चार मिनिटं उरली होती.

“आई, यू आर द बेस्ट!” म्हणून स्पृहानं आनंदानं उडी मारली. तिचं कोपर लागलं आणि पाणघोडीचा डावा कान मोडून हिरवळीवर पडला.

स्पृहाचा ओठ थरथरायला लागला.

“आई, सुई आहे?” प्रणितानं विचारलं.

आयाळीसाठी आणलेला सुईदोरा प्रभाबाईंच्या पिशवीत होताच. प्रणितानं कान जागेवर धरला आणि टाके घालायला सुरुवात केली. प्रभाबाईंनी कराडात पंचवीस वर्षं शिवणाचे वर्ग घेतले होते आणि आजवर कुणाच्याही टाक्याला चांगलं म्हटलं नव्हतं, सख्ख्या बहिणीच्यासुद्धा. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि वाकून पाहिलं. सहा टाके. एकसारखे, एका अंतरावर, गाठ आत दडवलेली.

“सुमेध,” त्या हळूच म्हणाल्या, “टाका बघ हिचा. बघ रे! असा टाका मला जन्मात जमला नाही.”

प्रणिताचे कान लाल झाले. अकरा वर्षांत सासूनं तिचं कौतुक केलं नव्हतं असं नाही. आमटी बरी, घर टापटीप, हे व्हायचं. हे वेगळं होतं. एका कारागिरानं दुसऱ्याला दिलेली ती दाद होती.

निकाल लावायला बागेच्या पशुवैद्य डॉक्टर हफिजा आल्या. टेबलांमागून टेबलं बघत त्या इथं थबकल्या, कानाच्या गाठीवर बोट फिरवलं आणि प्रणिताकडे बघून इंग्रजीत विचारलं, “सर्जन?” प्रणितानं मान हलवली. “चेहरा तर हुबेहूब आहे,” त्या म्हणाल्या, “पण मोडलेला कान टाकून न देता जोडला, म्हणून पहिला नंबर यांना.”

प्रभाबाईंना इंग्रजी कळलं नाही, निकाल कळला. त्या विशाखाला, तेलुगू नर्सला आणि कुवेती आजीबाईंना एकामागून एक सांगत सुटल्या, “मेरी बहू है. पेट काटती है. बहुत अच्छा काटती है!”

टाके काढून भोपळा लूलूच्या कठड्याशी नेला. राखणदारानं स्पृहाला उचलून धरलं. पाण्यातून आधी दोन कान वर आले, मग नाक, आणि मग तो जबडा. दीडशे अंश असेलही. स्पृहानं श्वास रोखून भोपळा सोडला. खडाड्‌कन आवाज झाला, लाल पिवळा रस उडाला, आणि जबडा मिटला.

“संपला?” स्पृहानं विचारलं.

“संपला,” प्रणिता म्हणाली.

स्पृहा हसली, मग विचारात पडली. लूलूनं पुन्हा तोंड उघडलं. “आई, तिला अजून भूक आहे. अजून एक कर ना! सेम!”

हारूनच्या हातगाडीवर एक भोपळा उरला होता, अख्खा, कोरा. त्यानं तो आणून ठेवला. सगळ्यांच्या नजरा सिंहाकडे वळल्या. सिंहानं पट्टीचं बोट पाठीमागं लपवलं आणि दुसरा हातही लपवला.

प्रणितानं सासूकडे पाहिलं.

प्रभाबाईंनी सुरी उचलून तिच्या हातात दिली. “कर गं,” त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून, कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून लूलूच्या जबड्यात डोकावल्या. “कराडात परत गेल्यावर सगळे विचारतील, पाणघोडीला दात किती. मला जरा नीट मोजू दे. मी काही तिकडे बघत नाहीये.”

मागून खच्‌ असा आवाज आला.

“नऊ,” प्रभाबाई मोठ्यांदा म्हणाल्या. “दहा.”