मिलिंद सर आणि रागावलेली माणसं

कुणी शिव्या घातल्या की आमच्या मिलिंद सरांचा चेहरा खुलतो. त्यांना नव्हे, आमच्या ग्राहकांना घातल्या की. एखाद्या मिठाईवाल्याच्या पानावर कुणी ‘पेढे दगडासारखे, पुन्हा येणार नाही’ असं लिहिलं की सर ते उभ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचतात आणि वर म्हणतात, "बघा, माणूस अजून बोलतोय."

धंदाच आमचा तो. दुकानांची, दवाखान्यांची, क्लासेसची नावं इंटरनेटवर सांभाळायची. कोण काय बोलतंय त्यावर लक्ष ठेवायचं, उत्तरं द्यायची, बिघडलेलं सावरायचं. मी इथली सगळ्यात जुनी नोकरदार, हिशेबापासून चहापर्यंत सगळं केलेली. त्यामुळे सरांबद्दल बोलायचा हक्क मी परस्पर घेऊन टाकलाय.

कंपनी सुरू झाली ती कोपरला, भाड्याच्या घराच्या हॉलमध्ये. मालकीणबाईंचं वॉशिंग मशीन सुरू झालं की आमचं टेबल थरथरायचं. फोनवर कुणी विचारलंच, तर सर सांगायचे, "मागे मशिनरी चालू आहे." ते खोटं नव्हतं. त्याच काळात डोंबिवलीच्या एका मिठाईवाल्याला त्यांनी पडेल आवाजात फोन केला, "काका, आठवडाभर तुमच्यावर कुणी चिडलं नाहीये. मला लक्षण बरं दिसत नाही." मिठाईवाल्याला वाटलं, गडी कामातून गेला. पण सरांचं म्हणणं सरळ होतं. चिडलेल्या माणसाला अजून आशा असते. ज्याने ती सोडली तो गप्प होतो, आणि गप्प माणसाला परत आणायचं औषध आपल्याकडे नाही.

हे त्यांना कुठल्या कोर्समध्ये कळलं नव्हतं. त्यांचा थोरला भाऊ दिलीपदादा कल्याणला दुकानांचे बोर्ड रंगवतो. वडील गेल्यावर त्यानेच सरांना वाढवलं, हातात ब्रश दिला, पुढे दोघांनी मिळून निम्मा बाजार रंगवला. मग सरांनी ब्रश ठेवला आणि कॉम्प्युटर घेतला. दादा भांडला असता तर बरं झालं असतं. तो "ठीक आहे" म्हणाला आणि त्यानंतर बोललाच नाही. दर बुद्धपौर्णिमेला सर घरी जायचे, वहिनी खीर द्यायच्या, दादा पाठ करून ब्रश धूत बसायचा. फोन केला तर वहिनीच उचलायच्या. इतक्या वर्षांत सरांना हवं होतं ते एवढंच, की दादाने एकदा तोंड उघडावं.

कंपनी मात्र वाढत गेली. कोलशेतला काचेचं ऑफिस झालं, मजलाभर माणसं आली, आणि ज्याला आम्ही नुसतं मिलिंद म्हणायचो त्याचे सर झाले. उत्तरं द्यायला सॉफ्टवेअर आलं. तक्रार पडली की क्षणात दिलगिरी. सरांना ते पटत नव्हतं. "अरे, माणूस मनापासून चिडलाय आणि आपण मशीन पुढे करायचं?" पण ग्राहक इतके झाले होते की प्रत्येकाला हाताने लिहिणं कुणालाच जमलं नसतं. शेवटी त्यांनीच होकार दिला.

गेल्या महिन्यात मी आमच्याच कंपनीच्या पानावर सहज नजर टाकत होते. एकच तारा दिलेला एक अभिप्राय दिसला. नाव होतं, दिलीप पेंटर, कल्याण.

‘गेटवरचा बोर्ड पाहिला. उजवीकडची अक्षरं एकमेकांवर चढली आहेत. मालकाला यातलं कळतं, तरी चालवून घेतलं. लाज वाटली पाहिजे.’

त्याखाली आमचं सॉफ्टवेअर: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया आपला ग्राहक क्रमांक कळवा.’

त्याखाली पुन्हा दादा: ‘क्रमांक नाही. बोर्ड बघायला कल्याणहून आलेलो.’

यावरही मशीनने क्रमांकच मागितला होता. पुढे काही नव्हतं.

लॅपटॉप तसाच उचलून मी सरांपुढे ठेवला. त्यांनी बसूनच वाचलं, मनातल्या मनात. मग उठले आणि खाली गेले. मी मागोमाग गेले. रस्ता ओलांडून ते समोरच्या फुटपाथवर थांबले आणि मान वर करून बोर्ड बघत राहिले.

"खरंच चढलीयत गं," ते म्हणाले. "तो इथेच उभा राहिला असणार. इथूनच नीट दिसतं. आणि मी वर बसलेलो."

त्यांनी फोन लावला. वहिनींनी उचलला असावा. "वहिनी, दादाला द्या ना. सांगा, त्याची बोर्डाची तक्रार आली होती, त्यासाठी केलाय."

बराच वेळ ते फोन कानाला लावून नुसते उभे होते. मला वाटलं, नाहीच येणार तो. मग पलीकडून आवाज ऐकू आला. शब्द कळत नव्हते, पण आवाज चढा होता आणि थांबत नव्हता. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, शर्टाच्या बाहीने ते पुसत होते आणि मधूनमधून "हो दादा, चुकलंच" एवढंच म्हणत होते. मला इतकं बरं वाटलं की काही विचारू नका.

मी ऑफिसकडे वळले. मागून सरांचा आवाज आला, "नाही, ठेवत नाही. बोल तू."