पकडीचं म्यान

आणखी एक पक्कड नाहीशी झाली, तेव्हा मेरिलची खात्रीच पटली की हे काम शेजारच्या ऑरिनचं. दोघांच्या कुरणांमध्ये काटेरी तारेचं एकच कुंपण होतं. मोंटानातल्या रिवाजाप्रमाणे दोघांनी मध्यावर समोरासमोर उभं राहायचं आणि आपापल्या उजव्या हाताचा भाग दुरुस्त करायचा. त्याआधी खांबावर पकडी ठेवून गप्पा व्हायच्या, आणि गप्पांनंतर मेरिलची पक्कड गायब असायची.

तोंडावर विचारायची मात्र सोय नव्हती. शनिवारी वासरांवर मालकीची खूण डागायची होती. ऑरिन आणि त्याचे मुलगे आले नाहीत, तर एवढी वासरं धरणार कोण?

"म्यानच शिवतो," मेरिल बायकोला म्हणाला. "कमरेवरून कोण नेतो ते बघतोच!"

"तुला विसरायची खोड आहे. त्याला कशाला बोल लावतोस?" लवॉन म्हणाली.

"तू बरी त्याची बाजू घेतेस!" मेरिलने तिच्याकडेही जरा निरखून पाहिलं.

ट्रकच्या सीटमागे चिखलाने माखलेली एक पक्कड सापडली. ऑरिनच्या नजरेतून ही बरी सुटली, असं म्हणत त्याने ती तशीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. जुन्या खोगिराचं चामडं कापून पाण्यात भिजवलं, पकडीभोवती दाबून बसवलं, शिवलं आणि लवकर वाळावं म्हणून ओव्हनमध्ये ठेवलं. घरभर घोड्याचा वास सुटला. चामडं आकसून लाकडासारखं टणक झालं आणि पक्कड आत अशी रुतली की हलेना. उत्तमच झालं, असं मेरिलला वाटलं. मालकालाच निघत नाही, तिथे चोराला काय निघणार?

दुसऱ्या दिवशी मेरिल म्यान कमरेला लावून कुंपणापाशी गेला, तर ऑरिन रिकाम्या हातांनी उभा होता.

"माझी पक्कड कुठे गेली कोण जाणे. तुझी दे जरा."

आता उघड उघड मागायला लागला, मेरिल मनात म्हणाला. "निघत नाही रे ती."

"निघत नाही, की दाखवायची नाही?" ऑरिनने डोळे बारीक केले. "ठीक आहे. शनिवारचं मग बघू, जमलं तर."

मेरिलने घाईघाईने कंबर तारेपाशी नेली. "अरे गड्या, खरंच अडकलीय! धर, ओढ तूच!"

मेरिलने खांबाला मिठी मारली. ऑरिनने तारेतून हात घालून, खांबाला बूट टेकवून, सगळा जोर लावला. पक्कड सुटली आणि ऑरिन तिच्यासकट ताज्या शेणात बसला. प्लॅस्टिक फाटलं, वाळलेला चिखल गळून पडला. लोखंडावर ठोकलेली खूण स्वच्छ दिसली. उलटी कुऱ्हाड. ऑरिनच्या गुरांवर असते तीच.

मेरिलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही... माझी," ऑरिन हळूच म्हणाला. "आणि हे म्यान?"

"तुझ्यामुळेच शिवलं," मेरिलच्या तोंडून निघून गेलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

ऑरिनने मेरिलच्या कमरेचं म्यान सोडवून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, टाक्यांवरून अंगठा फिरवला. "तू माझ्या पकडीला म्यान शिवलंस, आणि मी लेका, इतके दिवस तुलाच चोर समजत होतो!"

"छे! असं कधी मनात तरी आणावं का माणसाने?" मेरिल म्हणाला.

ऑरिनने पक्कड म्यानात सरकवली आणि म्यान कमरेला अडकवलं. "शनिवारी मेव्हण्यालाही घेऊन येतो," म्हणत तो आपल्या उजव्या हाताला चालू लागला. मेरिल आपल्या उजव्या हाताला निघाला आणि पहिल्याच तुटक्या तारेपाशी पकडीच्या जागी ठोकायला दगड शोधू लागला.