लॉर्ड ऑगस्टस यांच्या शिंगांना वारस कोण?

बाळांनो, विलायतेतल्या झाडून साऱ्या लॉर्ड मंडळींची वंशावळ मला तोंडपाठ आहे. कुठूनही विचारा.

नको, विचारू नका. नाशिकला गंगेवर उपाध्यायांनी वही उघडून मला माझ्या पणजोबांचं नाव विचारलं होतं. ते मला येईना. मागे लोक खोळंबलेले. मग शेजारच्या पाटावरच्या गृहस्थानं स्वतःच्या पणजोबांचं जे नाव सांगितलं, तेच मीही ठोकून दिलं. गेली तीस वर्षं त्यांनाच पिंड देतोय. अजून तक्रार आलेली नाही.

तर एका जंगलात हरणांचं एक फार थोर घराणं राहत होतं. जंगल आपल्याकडचं नव्हे. समुद्रापलीकडे एक धुकट, ओलं बेट आहे, तिथलं. त्या बेटावर सिंह औषधालाही नाही. पण प्रत्येक घराण्याच्या ढालीवर सिंह काढलेला असतो. कुणी विचारलंच तर सांगतात, "ते जरा बाहेर गेलेत."

घराण्याचे प्रमुख लॉर्ड ऑगस्टस. सातवे. त्यांच्या आधीचे सहाही ऑगस्टसच. नवं नाव शोधायला डोकं लागतं, आणि यांची डोकी शिंगं पेलण्यात गुंतलेली.

लॉर्डसाहेबांना काम एकच. उंच खडकावर उभं राहायचं आणि शिंगं दाखवायची. उरलेलं सगळं त्यांची मुलगी विनिफ्रेड बघायची. बर्फाखाली गवत कुठं दबलंय, ओढा कुठं गोठत नाही, कुठल्या पिल्लाला खोकला झालाय, सगळं तिला ठाऊक. तिच्या मागे तीस हरिणी होत्या. दक्षिणेच्या उतारावर घराण्याचं एक कुरण होतं. हिवाळ्यात गवत मिळायचं ते फक्त तिथंच. त्या तीस जणी आणि त्यांची पिल्लं त्याच्यावरच तगायची.

एका शरद ऋतूत लॉर्डसाहेब खडकावरून घसरले आणि संपले. शिंगं दाखवताना पायाखाली बघायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

आता कुरण कुणाचं?

कायदा अगदी सोपा होता. "वारस तो, ज्याच्या डोक्यावर शिंगं." हरिणीला शिंगं येत नाहीत. म्हणजे विनिफ्रेड बाद. लॉर्डसाहेबांना मुलगा नव्हता. मग पुतण्या बघायचा. पुतण्या नसेल तर चुलतपुतण्या. तोही नसेल तर चुलत्याच्या चुलत्याचा नातू. शिंगं सापडेपर्यंत असं बघत जायचं.

हे काम होतं दरबारी घुबडाकडे. त्याच्याजवळ लाल पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात सगळ्या थोर घराण्यांची माहिती होती. माहिती कुणी दिली? ज्याची त्यानंच. घुबड काम करायचं दिवसा, म्हणून त्याला नीट दिसायचं नाही. वंशावळ लिहिणाऱ्याला तेवढंच दिसलेलं बरं.

शोधाशोध झाली आणि दोन दावेदार उगवले.

पहिले सर माँटेग्यू. शहरातल्या बागेत वाढलेलं हरीण. लोकांच्या हातची बिस्किटं खाऊन खाऊन अंगावर तकाकी आलेली. आल्या आल्या त्यांनी कुरणाला एक फेरी मारली.

"छान आहे," ते विनिफ्रेडला म्हणाले. "इथं मी बाग करणार. चरायला बंदी."

"मग आम्ही कुठं जायचं?"

"पलीकडे डोंगर आहे की."

"त्याच्यावर नुसते दगड आहेत, दादासाहेब."

"दगडांवर तुम्ही शोभून दिसाल. लांबून बघायला तर फारच."

"आमच्यातल्या सतरा जणी गाभण आहेत."

"वा! मग तर तिथली हवा मानवेल."

दुसरा फिनबार. हा पश्चिमेकडच्या आयर्लंड नावाच्या बेटावरून खाडी पोहून आलेला. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. एक कान फाटका. त्याच्याजवळ कागद नव्हता. त्याच्या घराण्याचे कागद इकडच्या घराण्यानं केव्हाच जाळले होते, आणि मग विचारलं होतं, "कागद कुठंयत?" म्हणून तो वंशावळ गाऊन दाखवायचा. एका दमात साठ पिढ्या. शेवट व्हायचा तो दोन्ही घराण्यांच्या एका मूळपुरुषापाशी. त्याची शिंगं म्हणे बारा फूट रुंद होती. इतकी, की दोन झाडांमधून त्याला जाता येईना. एकदा अडकला तो अडकलाच.

"आणि कुरणाचं काय करणार?" विनिफ्रेडनं विचारलं.

"माझी चाळीस माणसं किनाऱ्यावर उभी आहेत, ताई. उपाशी. ती चरतील."

"मग आम्हाला काय उरेल?"

"गाणं उरेल."

म्हणजे हा आला काय नि तो आला काय, विनिफ्रेडच्या वाट्याला दगडच. पिल्लं जन्मणार वसंत सरता सरता. दगडावर जन्मलेलं पिल्लू आठवडाभरही टिकत नाही. हे तिनं बघितलेलं होतं. पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं, कारण पुस्तकात पिल्लं शिंगं फुटल्यावर येतात.

तिनं घुबडाला गाठलं. "घुबडकाका, निकाल लागेपर्यंत कुरणात कुणी चरायचं?"

"जे चरतायत त्यांनीच. कलम नऊ."

"आणि निकाल कधी लागतो?"

"दावेदारानं आपल्याहून थोरल्या सगळ्या शाखा निर्वंश झाल्याचं सिद्ध केलं की. थोरल्या शाखेत एकसुद्धा शिंगवाला जिवंत असला तर धाकट्याचा दावा बाद. कलम दहा."

विनिफ्रेड थोडा वेळ रवंथ करत उभी राहिली. मग म्हणाली, "काका, एक सांगायचं राहूनच गेलं. तिसऱ्या ऑगस्टसना एक थोरला भाऊ होता."

घुबडाच्या दोन्ही डोळ्यांत चांदणं पडलं. "काय सांगतेस! काय झालं त्यांचं?"

"पोहत गेले."

"कुठं?"

"ते काही त्यांनी सांगितलं नाही."

झालं! घुबडानं कोरं पान काढलं. हा थोरला भाऊ बुडाला, हे सिद्ध करायला सर माँटेग्यूंना सगळा किनारा पालथा घालावा लागला. त्यात एक महिना गेला. ते परत येतात तोवर विनिफ्रेडला दुसऱ्या ऑगस्टसचा एक चुलतभाऊ आठवला. हा धुक्यात गेला होता. धुकं निवळलं, पण भाऊ दिसला नव्हता.

सगळ्यात जास्त मदत झाली ती फिनबारची. कुठल्याही हरवलेल्या काकाचं नाव काढा, त्याच्या अंगात वारं शिरायचं.

"तो होय?" तो म्हणायचा. "तो तर आमच्याकडे आला होता! आमच्या पणजीची बहीण केली त्यानं. सात मुलगे झाले. थोरला तर असा देखणा…"

त्यामुळे फिनबारचा स्वतःचा दावा सात घरं मागे जायचा. पण गोष्ट रंगलेली असायची. रंगलेली गोष्ट आपल्या फायद्यासाठी मधेच तोडणं त्याच्या घराण्यात बसत नव्हतं.

तुम्ही विचाराल, हे काका खरे की खोटे? बाळांनो, तिसरे ऑगस्टस खडकावरून उतरून कुठं कुठं जायचे ते बघता, त्या जंगलात खोटा नातेवाईक सापडणंच अवघड होतं.

असा हिवाळा गेला. तीसही जणी कुरणातच होत्या.

मग अर्लसाहेबांनी फर्मान काढलं. हे अर्ल म्हणजे सगळ्या थोर हरणांच्या समितीचे अध्यक्ष. म्हातारे, जाडे, कंटाळलेले. "पुरे झाले काका. येत्या पौर्णिमेला दुपारी निकाल." वसंत लागला होता. विनिफ्रेडनं डोकं खूप खाजवलं. पण तिच्याजवळचे काका संपले होते.

पौर्णिमेच्या दुपारी जुन्या ओक झाडाखाली सगळे जमले. समितीची पाच हरणं, दोन दावेदार, आणि जरा लांब, जमिनीकडे बघत विनिफ्रेड आणि तिच्या तीस जणी. तिचं तोंड मात्र हलत होतं.

घुबडानं घसा साफ केला. "शिंगधारी सभासदांनी पुढं यावं."

सातजण पुढं आले.

घुबडानं डोळे बारीक केले. मोठे केले. पुन्हा बारीक केले. मग म्हणालं, "या सगळ्या बायकाच आल्यात. पुरुष मंडळी कुठं आहेत?"

सातही जणांनी एकमेकांच्या डोक्यांकडे बघितलं.

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. हरणाची शिंगं दर वसंतात गळून पडतात. कितीही थोर घराणं असो. मग नवी फुटून शरदापर्यंत पुन्हा झाड होतं. पण ही गोष्ट मोठ्या घरात बोलून दाखवत नाहीत. त्या दिवसांत नर मंडळी दाट झाडीत बसून राहतात आणि निरोप देतात, "साहेब गावाला गेलेत." म्हणून आजवरचे सगळे कायदे शरदात झाले. समित्या शरदातच बसल्या. काकांच्या भानगडीत यंदाच तेवढा वसंत उजाडला होता, आणि ठरलेली तारीख पुढं ढकलायची तर कारण सांगावं लागलं असतं.

"मी अर्ल आहे!" अर्लसाहेब गरजले.

"असाल हो, बाई," घुबड म्हणालं. "पण शिंगं?"

"परवा पडली!"

"पडलेली आणा. पुरावा म्हणून तीही चालतील. कलम चौदा."

सातही थोर हरणं रानात पळाली. प्रत्येकाला आपापली जागा माहीत होती. पण जागेवर शिंग नव्हतं. एकाचंही नव्हतं. गेल्या सालचं नाही, त्याच्या आधीचंही नाही. बऱ्याच वेळानं सर माँटेग्यू करंगळीएवढा एक तुकडा घेऊन धावत आले.

"हे बघा! कुणीतरी कुरतडलंय! दातांचे वण आहेत!" मग त्यांची नजर विनिफ्रेडच्या तोंडाकडे गेली. "तू मघापासून काय चावतेस गं?"

विनिफ्रेडनं घास गिळला.

"तुमचंच आहे, दादासाहेब. बुधवारी पडलं होतं. जरा बिस्किटाची चव लागते."

"शिंग खाल्लंस? माझं?"

"सगळ्यांचीच खातो. दरसाल. पोटातल्या पिल्लाला हाड लागतं, ते काही गवतातून पुरत नाही. तुम्ही टाकून देता, आम्ही खातो."

"आमचं घराणं खाल्लंस तू!"

"माझी आई खायची, आजी खायची. नाहीतर तुमच्या डोक्यावर मिरवायला हाड आलं असतं कुठून?"

अर्लसाहेबांनी आपल्या आईकडे बघितलं. त्या म्हाताऱ्या बाई मागे एका खोडाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हळूच ओठ पुसले.

घुबडानं लाल पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. मग निकाल वाचला.

"कायदा म्हणतो, शिंगं डोक्यावर हवीत. डोक्यावर ती कुणाच्याच नाहीत. पोटात तीस-एकतीस जणींच्या आहेत, पण कायद्यात पोट येत नाही. सबब किताब सुप्त झाला आहे."

"सुप्त म्हणजे मेला?" फिनबारनं विचारलं.

"छे! थोर घराण्याचा किताब मरत नसतो. निजलाय. शिंगं फुटली की शरदात सुनावणी पुन्हा पहिल्यापासून. तोवर कलम नऊ."

तेव्हापासून हे असंच चाललंय. शरदात दावे लागतात. हिवाळाभर काका शोधले जातात. निकालाची वेळ येते तो वसंत उजाडलेला असतो आणि सगळ्यांची डोकी गुळगुळीत. त्या साली सतराच्या सतरा पिल्लं गवतावर जन्मली. फिनबारला विनिफ्रेडनं कायमचा साक्षीदार करून घेतलंय. त्याची चाळीस माणसं कुरणाच्या खालच्या अंगाला चरतात आणि लागेल तेव्हा लागेल तो काका ओळखतात. रिकामा उन्हाळा विनिफ्रेड नवे काका जमवण्यात घालवते.

सर माँटेग्यूंनी मात्र धडा घेतला. पुरावा जमिनीवर ठेवायचा नाही, असं त्यांनी सगळ्या थोर मंडळींना कळवलं. म्हणून त्या बेटावरच्या मोठमोठ्या बंगल्यांत शिंगं भिंतीवर टांगलेली असतात, हरिणीचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच. कधीकधी शिंगांखाली डोकंही असतं. त्या डोक्यावरचं शिंग कधीच गळत नाही. खानदानात त्यालाच खरी प्रतिष्ठा मानतात. ज्याचं डोकं असतं त्याला विचारायचं राहून गेलंय.

आता तुम्ही वाट बघत असाल, की हा म्हातारा सांगणार, कूळ बघू नये, गुण बघावेत. ते सांगायला शाळेत गुरुजी आहेत. त्यांना पगार मिळतो.

तात्पर्य : थोर घराण्याला वारस जरूर शोधावा. कसून शोधावा. फक्त सापडू देऊ नये.

हे तात्पर्य मी विनिफ्रेडला वाचून दाखवलं. म्हटलं, जिची गोष्ट तिला आवडायला हवी. ती चरत होती. मान वर न करता म्हणाली, "ठीक आहे, आजोबा. पण उभे कुठं आहात ते बघा. हे कुरण आमच्या आईच्या आईच्या आईपासून चालत आलंय. उपऱ्यांनी कडेकडेनं चालायचं."