शेवरी शेकरू आणि मांडवातली तोंडी परीक्षा

एका जंगलात, बाळांनो, एक शेकरू राहत नव्हतं.

नव्हतं म्हणजे नव्हतं. ते शिकायला नदीपलीकडच्या जंगलात गेलं होतं. शिकायला गेलेल्यांची गोष्ट अशीच सुरू करावी लागते. आणि मधे बोलू नका.

शेकरू म्हणजे मोठ्या झुपकेदार शेपटीची खार. हिचं नाव शेवरी. शेवरी पीएच.डी. करत होती. विषय होता, 'एकच शेकरू एकाच वेळी अनेक घरटी का बांधतं?' शेकरं खरंच तसं करतात. का करतात, यावर शेवरी कितीतरी वर्षं विचार करत होती. हसू नका, तुमचेही दिवस येतील.

तिचे मार्गदर्शक होते दिवाभीत सर. जातीचं घुबड. ते दिवसा कुणाला भेटत नसत आणि रात्री भेटले की म्हणत, "माझे विद्यार्थी म्हणजे माझी मुलंच." म्हणून सरांच्या घरचे उंदीर शेवरीला आणावे लागत. शेवरी स्वतः शुद्ध शाकाहारी होती.

पोटासाठी ती सुतारसाहेबांकडे नोकरी करायची. हे सुतारपक्षी. झाडांना भोकं पाडून नवविवाहित पाखरांना तयार ढोल्या विकायचे. तेही म्हणायचे, "आपली कंपनी नाही, कुटुंब आहे." म्हणून रविवारीही बोलवायचे.

आणि खरं कुटुंब? ते मात्र कचेरीसारखं वागायचं. आई कावळ्याबरोबर निरोप धाडायची. जेवलीस का? काय जेवलीस? उशीर का झाला? झाला तर कळवलं का नाहीस?

शेवरीने यावर एक तोडगा काढला होता. घरी सांगायचं, सरांकडे आहे. सरांना सांगायचं, साहेबांकडे आहे. साहेबांना सांगायचं, आईला बरं नाही. कंपनीच्या हिशेबाने आईला आजवर कावीळ, मोतीबिंदू आणि दोनदा गोवर होऊन गेला होता.

असं छान चाललं होतं. मग तिच्या भावाचं, पळसचं, लग्न ठरलं.

"करवली तूच," आईचा निरोप आला. "एकुलती एक बहीण तू. तू पाण्याचा करा घेऊन मागे उभी राहिल्याशिवाय पळस बोहल्यावर चढायचा नाही."

नेमकं त्याच दिवशी बाहेरचे परीक्षक बगळे सर शेवरीची तोंडी परीक्षा घ्यायला येणार होते. "हा दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून नोंदणी," दिवाभीत सर म्हणाले.

आणि नेमकं त्याच दिवशी साहेबांनी नव्या ढोल्यांचं प्रदर्शन ठेवलं होतं. "नाही आलीस, तर सोमवारीही येऊ नकोस," साहेब म्हणाले. कुटुंबातच असं बोलता येतं.

शेवरी तीन दिशांना रडली. तिला पदवी हवी होती. नोकरी हवी होती. आणि भावामागे करा घेऊन उभं राहायचं तर ती लहानपणापासून मनात धरून बसली होती. यातलं काय सोडायचं?

साध्या शेकराने काहीतरी एक सोडलं असतं. पण शेवरी संशोधक होती. तिने ठरवलं, सगळ्यांना एकाच मांडवात बोलवायचं.

तोंडी परीक्षेला परीक्षकांच्या फराळाची सोय विद्यार्थ्यानेच करायची, अशी त्या विद्यापीठाची थोर परंपरा होती. त्यामुळे दिवाभीत सरांनी एकच विचारलं, "नुसते समोसे, की पूर्ण जेवण?" साहेबांनी विचारलं, "पाहुणे किती?" आई म्हणाली, "येऊ देत की! लग्न आपल्याच दारात आहे. चार पानं जास्त वाढू."

बघा, किती सोपं होतं!

लग्नाच्या दिवशी दिवाभीत सर काळा चष्मा लावून आले. साहेब मांडवाच्या खांबांनाच भोकं पाडून नमुना दाखवू लागले. अंतरपाट धरला गेला. शेवरी नऊवारी नेसून, हातात करा धरून भावामागे उभी राहिली. तिला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बगळे सर एका पायावर पुढे आले. "सुरू करू या? पहिल्या पंगतीच्या आत आटपायचंय. सांगा, शेकरू अनेक घरटी का बांधतं?"

"सर, तिसऱ्या प्रकरणात आकृती आहे, दाखवते." पण हातात करा. तो खाली ठेवायचा नसतो. शेवरी शेजारी उभ्या असलेल्या साहेबांना म्हणाली, "साहेब, जरा धरता?"

साहेबांनी करा धरला. शेवरी प्रबंध चाळू लागली. ती आकृती सापडेपर्यंत तिच्या बोराआत्याला दम निघेना.

"अहो, त्यात शोधायचंय काय?" आत्या म्हणाली. "एका घरट्यात पाहुणे आले की आपण दुसऱ्यात जाऊन झोपायचं!"

बगळे सरांनी मान वर केली. "याला आधार?"

"मे महिन्यात आमच्याकडे या. दाखवते आधार."

"सर, परीक्षा माझी आहे!" शेवरी ओरडली.

"चर्चा खुली असते," दिवाभीत सर म्हणाले.

"बरं, तुमचं मत काय?" बगळे सरांनी शेवरीला विचारलं.

"ते ऋतू, अन्न आणि शत्रू यांवर अवलंबून..."

"म्हणजे नक्की माहीत नाही."

इतक्यात "शुभमंगल सावधान" झालं. अक्षता पडल्या. शेवरीने वळून पाहिलं, तर भावामागे करा घेऊन सुतारसाहेब उभे होते. डोळ्यांत पाणी. आईने रीतीप्रमाणे करवलीची साडी त्यांच्याच पंखांवर ठेवली.

"इतक्या वर्षांत कंपनीत मला असा मान कुणी दिला नाही," साहेब हुंदका देत म्हणाले. "आई, तुमची तब्येत आता कशी आहे? गोवर बरा झाला?"

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "साधी शिंक येत नाही मला."

साहेबांनी शेवरीकडे पाहिलं. "तू सोमवारी येऊ नकोस," ते म्हणाले. मग आईकडे वळले. "मी मात्र दिवाळीला माहेरपणाला येईन."

पदवी बोराआत्याला मिळाली. विद्यापीठाला उत्तर हवं असतं, ते तिने वेळेत दिलं होतं. दिवाभीत सरांनी तिथल्या तिथे तिला पुढच्या संशोधनासाठी नाव नोंदवायला सांगितलं. आत्या म्हणाली, "उंदीर मात्र मी आणणार नाही." सर म्हणाले, "छे छे, मीच तुमच्यासाठी आणीन."

सगळ्यांचं एकमेकांशी गूळपीठ जमलं. आई बगळे सरांच्या मुलासाठी स्थळं सुचवत होती. साहेब पळसच्या खांद्यावर पंख टाकून फोटो काढून घेत होते. शेवरीला कुणी हाक मारेना.

ती शेवटच्या पंगतीत जाऊन बसली. तिला रडू आलं. खरंच आलं, यात गंमत नाही.

वाढपी मुंगूस जिलेबीचं ताट घेऊन आला. अनोळखी तोंड बघून त्याने विचारलं, "ताई, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

शेवरीने मांडवाकडे पाहिलं.

"कुणाकडचीच नाही," ती म्हणाली.

"मग तुम्ही पुढच्या पंगतीला बसा," मुंगूस म्हणाला आणि ताट घेऊन पुढे गेला.

तात्पर्य : घर, विद्यापीठ आणि कचेरी या तिघांचा तोल सांभाळणं मुळीच अवघड नाही. ते तिघे मिळून तो उत्तम सांभाळतात. आपण फक्त मधे यायचं नाही, आणि जेवायचं पहिल्या पंगतीला.