दिगंबरभाऊंचे रावसाहेब

आमच्या नांदुऱ्यापासून समुद्र म्हणजे आगगाडीनं रात्रभराची वाट. पण शेजारचे दिगंबरभाऊ तो रोज सकाळी चाखत. तोंड धुतलं की काचेच्या पेटीत चमचा बुडवायचे, थेंबभर पाणी जिभेवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मला निकाल द्यायचे, "आज समुद्र खारट झाला, मास्तर." उन्हानं पाणी आटलेलं असे. मग तांब्याभर गोडं पाणी पेटीत जाई आणि समुद्र ताळ्यावर येई.

दिगंबरभाऊ मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त होण्याच्या बेताला मुंबईच्या बंदरावर त्यांना एक मासा दिसला. कोळ्यांनी जाळ्यातून काढून फेकलेला. केंड म्हणतात त्याला. विषारी, खायच्या कामाचा नाही. भ्याला की चेंडूसारखा फुगतो, म्हणून पोरं त्याला पायानं उडवत होती. गार्डसाहेबांनी तो उचलला, डबाभर समुद्रात घातला आणि थेट वऱ्हाडात आणला.

त्याचं नाव रावसाहेब. नवा पोस्टमन एकदा दारात थांबला असता आतून आवाज आला, "हळू बोल, रावसाहेब जेवून राह्यले." बिचारा टोपी काढून बराच वेळ ओट्याखाली उभा होता.

या जेवणाचीच मोठी अडचण होती. दिगंबरभाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आणि रावसाहेबांचे दात उंदरासारखे वाढणारे; कवचाचं टणक काही फोडायला मिळालं नाही तर तोंड मिटून उपाशी मरायचे. भाऊ नदीवरून गोगलगायी आणत. चिमट्यात धरून पाण्यात सोडताना मान फिरवत आणि म्हणत, "पांडुरंगा, हे रावसाहेबाच्या नावावर लिव बाबा."

पेटी लोहारानं आणि काचवाल्यानं मिळून केलेली. हवेसाठी ट्रकची जुनी ट्यूब. सायकलच्या पंपानं ती फुगवायची आणि बारीक नळीनं तिची हवा पाण्यात सोडायची. समुद्र मात्र जुने सोबती आणून देत. मुंबईकडून येणाऱ्या गाडीचा गार्ड फलाटावर डबे उतरवी आणि विचारी, "रावसाहेब बरे हायेत ना?"

सगळ्या गावाला मासा फुगलेला पाहायचा असे. भाऊ पाहू देत नसत. एकदा जिनिंगवाले शेठ पाहुणे घेऊन आले. भाऊ चहाचं पाहायला आत गेले, तेवढ्यात शेठनी बोटातल्या अंगठीनं काच ठोकली. रावसाहेब टरारून फुगले. पाहुणे पोट धरून हसले. भाऊ बाहेर आले, खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी पेटी झाकली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भेलेला हाय तो, शेठ. भेलेल्याले पाहून हासू नाही." शेठ चहा न घेता गेले. अख्ख्या गावात शेठला असं बोललेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या पावसाळ्यात घाटात दरड पडली आणि गाड्या खोळंबल्या. डबे येईनात. पेटीतलं पाणी गढुळलं, रावसाहेबांनी खाणं सोडलं. कोणीतरी सुचवलं, आपल्याच जिल्ह्यात लोणारचं खारं तळं असताना मुंबईची वाट काऊन पाहता? भाऊ एस.टी.नं लोणारला गेले आणि तोंड वाकडं करून परत आले. "तो समुद्र नोहे मास्तर, तो सोडा हाय."

दहा ठिकाणी विचारपूस करून, मीठ कालवून पाहून, गाळून गाळून त्यांनी कसेबसे दिवस काढले. शेवटी रूळ मोकळे झाले, डबे आले, रावसाहेबांनी एक गोगलगायही फोडली. मला वाटलं, सुटलो. पण भाऊ म्हणाले, "त्याले घरी पोचवून देतो. आणखीन एखाद्या दिवशी डबा नाही आला तं?"

मी सोबत गेलो. रावसाहेब लोणच्याच्या मोठ्या चिनी बरणीत, तोंडाला फडकं. गाडीच्या डब्यातली एक बाई सारखी विचारत होती, कैरीचं आहे की लिंबाचं. भाऊंनी बरणी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मुंबईला कोळीवाड्यापुढच्या खडकांत भाऊ धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. बरणी तिरपी केली. मासा क्षणभर त्यांच्या पायांपाशी घुटमळला आणि गेला. फुगला नाही. "भेला नाही," एवढंच भाऊ म्हणाले.

परतीच्या गाडीनं भुसावळ मागं टाकलं. तेव्हा भाऊ खिडकीबाहेर पाहत बोलले, "गार्डाचा डबा शेवटचा, मास्तर. सारी गाडी पुढं, अन् मांगं मी एकलाच. बायको गेल्यावर घर बी तसंच झालं. हा रावसाहेब मले पाहून काचीपाशी येई. मी आलो हे कोणाले तरी समजे."



घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती कधी भाऊंशी फारसं बोललेली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, ओट्यावर जाऊन त्यांना जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर म्हणाली, "भाऊजी, आता रोज इकडंच जेवत जा." भाऊंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ झाली, टळली, भाऊ आले नाहीत. बायको म्हणाली, झोपले असतील, पाहून या. मी गेलो. दार उघडंच होतं. भाऊ आंघोळ करून, धुतलेला सदरा आणि टोपी घालून, पायात वहाणासुद्धा चढवून खाटेच्या कडेला बसले होते.

"चला की," मी म्हणालो, "ताट थंड होऊन राह्यलं."

ते लगबगीनं उठले.

"मले वाटलं, बाई काल बोलायचं म्हणून बोलल्या असतील."