तुफान विरुद्ध गेंडा : सुधारित निकाल

रिंगमधल्या नाटकी कुस्त्यांच्या गोष्टी रचणारे लोक गाढव असतात! हे मी तोंडावर सांगतो, कारण मला कुणाच्या बापाची भीती नाही. (बायकोच्या बापाची आहे. ते पुढे येईलच.)

शाळा मी अर्ध्यात सोडली. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतो. जे काही वाचलं ते गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, ग्रीसच्या डब्यावर बसून. पण चांगल्या पहिलवानाचं मातेरं कसं करतात हे कळायला पदवी लागत नाही. ज्याला उभा करायचा त्याला आडवा करतात, आणि ज्याला धड पडताही येत नाही त्याच्या कमरेला विजेत्याचा पट्टा! म्हणून मी ठरवलं, हा इतिहास मीच दुरुस्त करणार. बंद पडलेली लिफ्ट चालू करतो, इतिहास काय मोठा लागून गेला?

इतिहास कुठला, तर माझ्या सासऱ्यांचा.

सासरे तरुणपणी एका फिरत्या कुस्ती कंपनीत होते. तंबू, चार दोरांची रिंग, तोंडावर निळा मुखवटा आणि नाव 'तुफान'! कुस्त्या सगळ्या आधीच ठरलेल्या. सकाळी मॅनेजर तंबूच्या खांबाला चिठ्ठी लावायचा : कोण जिंकणार, कोण हरणार, कसा हरणार. अडतीस वर्षांपूर्वी, पट्ट्याच्या कुस्तीच्या दिवशी चिठ्ठी लागली, 'गेंडा जिंकेल. तुफान दोरावरून खाली पडून हरेल.' तुफान ठरल्याप्रमाणे पडला. पण पडायचं ठरलं होतं, मोडायचं ठरलं नव्हतं. डावा गुडघा गेला. तीन महिने हॉस्पिटलात. कुस्ती संपली. त्या वॉर्डातल्या नर्सशी लग्न झालं. त्या नर्स म्हणजे माझ्या सासूबाई.

ही कहाणी मी लग्नानंतरच्या सात वर्षांत किमान चारशे वेळा ऐकली आहे. प्रत्येक वेळी शेवट एकच. सासरे गुडघा चोळत म्हणणार, "ती चिठ्ठी उलटी असती ना, तर आज मी कुठल्या कुठे असतो!" आणि सासूबाई आतून म्हणणार, "आत्ता जिथे आहात तिथले पाय जरा वर घ्या, फरशी पुसतेय."

सात वर्षांत सासऱ्यांनी मला एकदाही जावई म्हटलं नव्हतं. "ओ लिफ्टवाले!" अशीच हाक. ती हाक बदलायची, एवढाच माझा स्वार्थ. दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि पहिल्या पानावर झोकात लिहिलं : 'त्या सकाळी मॅनेजरला ताप होता. चिठ्ठी तिकीट फाडणाऱ्याने लिहिली. गेंडा दोरावरून खाली पडून हरेल. तुफान जिंकेल.'

बस्स! दोन नावांची अदलाबदल. एवढं सोपं काम अडतीस वर्षं कुणी केलं नव्हतं.

पहिली बारा पानं मी सासऱ्यांना त्यांच्या बैठकीत वाचून दाखवली. ऐकता ऐकता ते खुर्चीतून उठले. गेंडा पडला तिथे त्यांनी माझा खांदा इतका जोरात दाबला की दोन दिवस मला पाना धरता येईना. मग डोळे पुसून म्हणाले, "जावईबापू, पुढे काय?"

जावईबापू! सात वर्षांनी! मी हवेत. हवेत गेलेला माणूस काय करतो? पुढची पंचवीस पानं लिहितो.

इथून प्रकरण माझ्या हातातून सुटलं. सासऱ्यांच्या इमारतीखाली एक सलून आहे. सलूनवाला हा सासऱ्यांचा एकमेव जिवंत चाहता. सासऱ्यांनी त्याच्या कानावर घातलं, त्याने गिऱ्हाइकांच्या कानावर घातलं, आणि आठवड्याभरात दर रविवारी सकाळी मी सलूनमध्ये, आरशाकडे पाठ करून, रजिस्टर वाचायला लागलो. बाकावर जागा मिळेना. ज्यांच्या डोक्यावर एक केस नाही असे लोकसुद्धा केस कापायला यायला लागले!

आणि सासरे? ते विजेते झाले हो! चालणं बदललं. दारातून आत येताना आधी उंबऱ्यावर थांबायचे, दोन्ही हात वर करायचे, मग आत. सासूबाई म्हणाल्या, "माळ्यावरून मोठं पातेलं काढून द्या." हे म्हणाले, "पट्टा असलेला माणूस माळ्यावर चढत नाही."

"मग पट्टा काढून चढा!"

मी हसलो. तेव्हाच शहाणा झालो असतो तर ही कथा लिहायची वेळ आली नसती.

चौथ्या रविवारी सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. "लेखकसाहेब, सगळं झकास आहे. पण बाई पाहिजे."

"बाई कशाला?"

"सत्तर पानं झाली, तुफान नुसता मारतोय. घरी कुणी वाट बघणारं नको? काय तुफानसाहेब?"

तुफानसाहेब आरशात बघून मिशा कुरवाळत म्हणाले, "मी काय बोलणार? लेखकाची मर्जी."

मला लेखकसाहेब म्हटलेलं होतं. माझी अक्कल तिथेच खपली. पुढच्या रविवारी मी एक सर्कसवाली आणली. झोक्यावरून उडी मारून थेट रिंगमध्ये उतरणारी! चौऱ्याण्णवाव्या पानावर तुफानने तिला एका हाताने झेललं, दुसऱ्या हाताने पट्टा उंचावला आणि भर तंबूत लग्न जाहीर केलं. सलूनमध्ये टाळ्यांचा कडकडाट! फेस लावलेला एक गृहस्थ तर उभा राहून शिट्टी वाजवायला गेला आणि साबण गिळून बसला.

टाळ्या थांबल्या तेव्हा दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात भाजीची पिशवी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी कधी येते?"

कात्र्या थांबल्या. माणसाने अशा वेळी खोकावं, पाणी मागावं, चक्कर आल्याचं नाटक करावं. पण मी पडलो रोखठोक! मी म्हणालो, "आई, तुम्ही येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा, बाबा जिंकले. पडले नाहीत. गुडघा मोडला नाही. हॉस्पिटलात गेलेच नाहीत. मग तुमची गाठ कुठे पडणार? कथेला काही शिस्त असते ना?"

त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. अडतीस वर्षांचा संसार त्या एका नजरेत होता. सासऱ्यांनी एक शब्द नीट बोलायचा होता, एकच! ते म्हणाले, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. सर्कसवाली पुढे मरणार असेल." आणि माझ्याकडे वळून, "नाही ना मरणार?"

सासूबाई भाजीसकट वळल्या.

दुपारी मी घरी पोचलो तर आमच्या बैठकीत त्यांची बॅग. शेजारी बायको, कमरेवर हात.

"आई इथेच राहणार. आता त्या घरी परत जायची नाही म्हणतेय."

"अगं, एका रजिस्टरवरून?"

"रजिस्टरवरून नाही. बाबांच्या तोंडावरून. ती दारात उभी होती ना, तेव्हा त्यांना तिची आठवणसुद्धा नव्हती. आणि आई नाही आली म्हणजे मीसुद्धा जन्मले नाही ना?"

"तांत्रिकदृष्ट्या..."

"बरं," बायको म्हणाली आणि सोफ्यावर बसली. "जी जन्मलीच नाही ती स्वयंपाक कुठून करणार?"

चार दिवस! चार दिवस मी पाव आणि केळी खाल्ली. दोघी मायलेकी माझ्यासमोर गरम गरम जेवत होत्या. मी दुसऱ्या दिवशी धावत सासऱ्यांकडे गेलो. घराचा उकिरडा झालेला. ते एकाच कपाने सकाळपासून चहा पीत होते, कारण बाकीचे कुठे असतात हे त्यांना माहीत नव्हतं. मी विनवलं, "बाबा, रिंगच्या बाजूला एक नर्स उभी करतो. तुम्हाला थोडं खरचटलं असं दाखवू."

"तुफानला खरचटत नाही!"

"कोपराला. इतकुसं."

"जावईबापू, अडतीस वर्षांनी जिंकलोय. माझ्या पट्ट्याला हात लावू नका!" आवाज चढलेला, पण डोळे मात्र दाराकडे. मी आत आलो तेव्हाही ते माझ्या मागे कोण आहे ते बघत होते.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी मला बोलावलं. "रजिस्टर आणा. तुमची एक चूक झालीय."

चूक? माझी? मी बाह्या सरसावून बसलो.

"मॅच हे जिंकले. मग दोरावरून पडलं कोण?"

"गेंडा."

"दोर तितकाच उंच?"

"तितकाच."

"जमीन तीच?"

"तीच, आई."

"पंचवीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलीत मी. त्या उंचीवरून त्या जमिनीवर पडला तर गुडघा गेंड्याचाही जातो. मग आमच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर कोण आलं?"

अहो, लिफ्टवाला मी! लिफ्ट वर गेली की पलीकडे लोखंडी वजन खाली येतं, हे मी झोपेतसुद्धा सांगतो. आणि इथे सासऱ्यांना वर पाठवताना खाली कोण येतंय ते बघितलंच नाही!

"गेंडा," मी पुटपुटलो.

"हां. लिहा आता. मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. खरा गेंडा, म्हणे, हरलेल्या तुफानला भेटायला रोज येत असे, अकरा दिवस, फळं घेऊन. मान खाली घालून बसायचा. चहा झाला की स्वतःचा कप स्वतः विसळायचा. "यांनी आजवर कप विसळलेला मी पाहिला नाही," सासूबाई म्हणाल्या. मग सुधारित इतिहास सुरू झाला. सात नंबरचा गेंडा बरा झाला. त्याने नर्सला लग्नाचं विचारलं. नर्स हो म्हणाली. पुढे त्याने व्यायामशाळा काढली, दुमजली घर बांधलं. माळ्यावरची पातेली तो न सांगता काढून द्यायचा. एक मुलगी झाली.

"मुलगी कोण?" मी विचारलं.

"आमचीच. फक्त जरा उंच." मग तिचं लग्नही त्यांनी थाटात लावून दिलं. मी मुकाट्याने लिहीत गेलो. तीन पानं झाली. सांगायला लाज वाटते, पण त्या रजिस्टरमधली सर्वांत चांगली तीन पानं तीच होती.

आता कुणीही शहाणा माणूस ती तीन पानं लपवून ठेवील. पण रविवार उजाडला, सलून खच्चून भरलं आणि सलूनवाल्याने विचारलं, "सर्कसवालीचं पुढे काय?" माझ्यातला लेखक उसळला. ज्यात दम आहे ते वाचायचं! मी वाचायला लागलो. सासरे खुर्चीत, गळ्याला फडकं, अर्धी दाढी झालेली, अर्धी फेसात.

"'आणि गेंडा नर्सचा हात हातात घेऊन म्हणाला...'"

"थांबा!" फेस उडाला. "कुठली नर्स?"

"बाबा, वॉर्डातली."

"आणि ती काय म्हणाली?"

मी रोखठोक. "हो म्हणाली."

तो माणूस गळ्यातल्या फडक्यासकट उठला आणि चालायला लागला. मोडक्या गुडघ्याचा माणूस रस्त्याने असा धावला की मी मागे पडलो! माझ्या मागे सलूनवाला वस्तरा घेऊन, त्याच्या मागे चार गिऱ्हाइकं. रस्त्यावरच्या लोकांनी वाट दिली. अर्धा चेहरा पांढरा झालेल्या म्हाताऱ्यामागे एक माणूस वस्तरा घेऊन धावतोय म्हटल्यावर देणारच.

दार बायकोने उघडलं. सासरे थेट आत. दारात थांबले नाहीत की हात वर केले नाहीत.

"तू गेंड्याला हो म्हणालीस?"

"त्या हकिकतीत, हो," सासूबाई शांतपणे भाजी निवडत म्हणाल्या.

"आणि मी कुठे होतो?"

"तुम्ही? झोक्यावर."

सासरे उभेच. गालावरचा फेस ओघळून फडक्यावर पडला. जो माणूस अडतीस वर्षं त्या चिठ्ठीला शिव्या देत आला, तो वळला आणि माझी कॉलर धरून म्हणाला, "हरवा मला."

"बाबा, पट्टा?"

"खड्ड्यात गेला पट्टा! पाडा मला दोरावरून! आत्ताच्या आत्ता लिहा!"

मी जेवणाच्या टेबलावर रजिस्टर उघडलं. 'तुफान दोरावर चढला. पाय निसटला. तो उजव्या गुडघ्यावर...'

"डावा!" सासूबाई कडाडल्या. "डावा गुडघा होता. उजव्याचे पेशंट दुसऱ्या वॉर्डात जायचे. मी यायची नाही!"

"डावा लिहा! डावा!" सासरे ओरडले. "चांगला फोडा! सहा महिने झोपवा!"

"तीन," सासूबाई म्हणाल्या. "तीनच महिन्यांत पुरे झालं होतं." आणि उठून त्यांनी पदराने त्यांचा फेसाचा गाल पुसला. "चला. घरी किती कप पडलेत?"

"एकच," सासरे म्हणाले. "तो विसळलाय मी."

दोघं गेले. सलूनवाला उरलेली अर्धी दाढी पूर्ण करायला त्यांच्या मागून गेला. जाताना सासरे दारातून म्हणाले, "येतो, लिफ्टवाले." म्हणजे तेही गेलं!

मी हिशोब केला नाही, पण शंभर पानांच्या पुढे मजल गेली होती, आणि एवढी शाई आटवून शेवटी सिद्ध काय केलं, तर जे झालं तेच! मी एकेक पान टराटरा फाडायला घेतलं. सासूबाईंनी सांगितलेली तीन पानं राहिली तेव्हा बायकोने माझा हात धरला.

"ती नको फाडूस."

"का? त्यात तर तुझे बाबासुद्धा नाहीत."

"माहितीये," ती म्हणाली, आणि पानांची नीट घडी घालून कपाटात ठेवायला निघाली. "पण त्यात माझं लग्न फार छान झालंय."