कुठले आप्पा?

आप्पांचं पोट बिघडून अकरा दिवस झाले होते आणि घरात दुसरा विषयच उरला नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा ताठ माणूस, पण आता त्यांचं मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं. दोन डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, आधी शौचाचा नमुना तपासून आणा, मग बघू.

नमुना हा शब्द घरात नवा नव्हता. आप्पांचा मुलगा एका संशोधन केंद्रात हेच काम करत असे, फक्त माणसांचं नाही. जंगलातल्या प्राण्यांची विष्ठा आणायची, त्यातले जंतू वाढवायचे आणि माणसांच्या कोणकोणत्या औषधांना ते दाद देत नाहीत ते बघायचं. केंद्रात त्याला सगळे नमुनेदार म्हणत. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

आप्पांना हा उद्योग कधी पटला नाही. "लोकांची मुलं माणसांचं रक्त तपासतात," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमचे चिरंजीव कोल्ह्यांची घाण चिवडतात."

मुलालाही आप्पांचा एक उद्योग पटत नसे. आप्पांकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या की आप्पा तीन दिवस घेत, बरं वाटलं की थांबत आणि उरलेल्या त्या डब्यात टाकत. मग शेजाऱ्याचा घसा, पोस्टमनचा गुडघा, कोणाचंही काहीही दुखलं की डबा उघडायचा. नमुनेदाराने हजारदा समजावलं होतं.

"आप्पा, अर्धं औषध घेतलं की जंतू मरत नाहीत. त्यांची उलट तालीम होते."

"होऊ दे की. कसरतीने कोणाचं वाईट झालंय?"

तर त्या सकाळी दवाखान्याने दिलेली बाटली सापडेना. शोधाशोध केल्यावर ती डब्यात निघाली. आप्पांनी तिच्यात सुट्या गोळ्या भरून ठेवल्या होत्या. नमुनेदाराने मुकाट्याने आपल्या बॅगेतली केंद्राची बाटली काढली आणि काम झाल्यावर तिच्यावर लिहिलं, 'आप्पा'. घरात दुसरे आप्पा नव्हते, त्यामुळे एवढं पुरेसं होतं.

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटा वाजली. जंगलाचा राखणदार पाळी संपवून घरी जाताना नमुने देऊन जात असे. त्याने गाठ मारलेली पिशवी पुढे केली.

"साहेब, आप्पाचं आहे. एकदम ताजं."

राखणदाराला प्रत्येक प्राण्याला नाव ठेवायची खोड होती. आकड्यांपेक्षा नावं लक्षात राहतात म्हणून केंद्रानेही ती मान्य केली होती. हा आप्पा म्हणजे खोल जंगलातला एक म्हातारा कोल्हा. लंगडत दोन पावलं चालायचा, थांबायचा आणि सगळ्या जगाने आपला अपमान केल्यासारखा मागे वळून बघायचा. राखणदाराने नाव कुठून उचललं हे नमुनेदाराला ठाऊक होतं. घरच्या आप्पांना ते सांगण्याची हिंमत मात्र त्याच्यात नव्हती.

त्याने तो नमुना दुसऱ्या बाटलीत भरला, नेहमीप्रमाणे 'आप्पा' लिहिलं, कोटाच्या डाव्या खिशात घर आणि उजव्या खिशात जंगल ठेवलं आणि तो अंघोळीला गेला. मग डाव्या खिशातली बाटली दवाखान्यात दिली, उजव्या खिशातली केंद्रात दिली. दिवस सुरळीत सुरू झाला असं त्याला वाटलं.

रिपोर्ट आणायला आप्पांबरोबर त्याची बायको गेली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"आजोबा, बाहेर काही खाता का?"

"छे! बारा दिवस सूनबाईंच्या हातची पेज. दुसरं काही नाही."

"नाही, त्याचं काय आहे," डॉक्टर हळूच म्हणाले, "यात केस सापडलेत. बहुतेक उंदराचे. शिवाय किड्याचे पंख, थोडा हाडांचा चुरा आणि रानफळांच्या बिया."

सूनबाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "डॉक्टर, आमच्याकडे स्वयंपाक मी करते."

"म्हणून तर विचारतोय."

पुढची बातमी मात्र चांगली होती. पोटातले जंतू इतके भोळे होते की कुठलंही औषध दाखवलं तरी मरत होते. वीस वर्षांत असं पोट बघितलं नाही, डॉक्टर म्हणाले. जणू या माणसाने जन्मात एकही गोळी घेतली नाही!

आप्पांची छाती त्या अशक्तपणातही फुगली. "बघा! मी पहिल्यापासून सांगतोय. अर्धं औषध घेतलं की पोट कसं स्वच्छ राहतं."

डॉक्टरांनी सगळ्यात साधी गोळी लिहून दिली. घरी आल्यावर सूनबाईंनी रिपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली लपवला, नवऱ्याला "चांगला आलाय" एवढंच सांगितलं आणि स्वयंपाकघर धुवायला घेतलं. डबे रिकामे झाले, फडताळं भिंतीपासून ओढली गेली, उंदराच्या शोधात फरशीचा एक तुकडाही उखडला गेला. उंदीर सापडला नाही. आप्पांची तब्येत मात्र खालावत गेली. तिसऱ्या दिवशी त्यांना उठवून बसवायला दोघांचे हात लागले, आणि नमुनेदाराला पहिल्यांदाच भीती वाटली.

केंद्रात तेव्हा आनंदीआनंद होता, म्हणजे तिथे जितका होऊ शकतो तितका. केंद्राच्या मॅडम कधी हसत नसत. सगळं वाईटच होणार आहे आणि ते मोजायला आपण आहोत, अशी त्यांची आयुष्याकडे बघण्याची पद्धत होती. पण त्या दिवशी त्यांचे डोळे चमकत होते.

"बारा औषधं लावून बघितली, नमुनेदार. अकरांना तुमचा आप्पा दाद देत नाही. अकरा! जिथे माणूस पोचला नाही तिथे माणसाच्या गोळ्या पोचल्या. किती भयंकर आहे हे!"

"हो मॅडम," नमुनेदार म्हणाला. त्याचं लक्ष घरी होतं.

"शिवाय बिचाऱ्याचं पोटही बिघडलेलं दिसतंय. पिंजरा मागवलाय मी. मोकळा फिरला तर अख्ख्या जंगलात पसरवेल. आणि शुक्रवारी वरच्या साहेबांपुढे आपल्याला हे मांडायचंय."

त्या दुपारी तो लवकर घरी आला. बायको रिकाम्या डब्यांच्या मधोमध जमिनीवर बसून रडत होती.

"अहो, मी आप्पांना उंदीर खायला घातला हो!"

बरंच समजावल्यावर साड्यांच्या खालून रिपोर्ट बाहेर आला. उंदराचे केस, किड्याचे पंख, हाडांचा चुरा, रानफळांच्या बिया. नमुनेदाराने असे रिपोर्ट शेकड्याने लिहिले होते. डोळे मिटूनही त्याने प्राणी ओळखला असता.

"माझ्या कोटाला हात लावला होतास?"

"रुमाल धुवायला काढले. बाटल्या परत ठेवल्या की नीट, एकेका खिशात एकेक."

"पण कुठली कुठल्या खिशात?"

"दोन्हींवर आप्पाच लिहिलेलं," ती डोळे पुसत म्हणाली. "मग कुठली कुठे, याने काय फरक पडतो?"

नमुनेदार तसाच उलट पावली केंद्रात धावला. वाटेत त्याला दोन गोष्टी कळून चुकल्या. हे सांगितलं तर नोकरी जाईल, आणि नाही सांगितलं तर आप्पा जातील. मॅडमच्या दारापाशी पोचेपर्यंत त्याने दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा विचार केला नाही.

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डोळ्यांतली चमक हळूहळू विझली आणि त्या पुन्हा नेहमीच्या मॅडम झाल्या.

"म्हणजे अकरा औषधांना दाद न देणारं हे पोट…"

"आमच्या वडिलांचं आहे."

"ते खोल जंगलात राहतात?"

"नाही मॅडम. तळमजल्यावर."

 मॅडमनी टेबलावरचा तपासणीचा कागद उचलून त्याच्या हातात दिला.

"दवाखान्यात सहाच औषधं लावून बघतात. आपण बारा लावतो. हे शेवटचं चालतंय. इथे उभे राहू नका, डॉक्टरांना नेऊन द्या. तुमच्यावर ओरडायचं काम मी उद्या करेन."

डॉक्टरांनी ते बारावं औषध लिहून दिलं. दहा गोळ्या, रोज एक. "आजोबा, याच्यापुढे माझ्याकडे काही नाही. दहाच्या दहा घ्यायच्या. कबूल?"

"कबूल," आप्पा म्हणाले. त्यांना तेव्हा मान हलवण्याइतकंच बळ होतं.

चौथ्या दिवशी आप्पांनी स्वतः उठून दार उघडलं आणि वर्तमानपत्र उशिरा आलं म्हणून पेपरवाल्याला झापलं. ते ऐकून नमुनेदार न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि पोटभर रडला.

केंद्रातही सगळं सावरलं. ओरडून झाल्यावर मॅडमच्या लक्षात आलं की घरचा आप्पा हातातून निसटला तरी जंगलातला आप्पा आपल्या हातात आहे. एकही औषध न शिवलेलं पोट! आसपासच्या सगळ्या प्राण्यांत थोडीफार खोट निघाली होती, हा एकच स्वच्छ होता. पिंजरा परत गेला. पुढची पाच वर्षं या एका कोल्ह्याला मापदंड धरून काम करायचं ठरलं. खात्रीसाठी फक्त आणखी एक नमुना हवा होता.

आप्पांना आपल्या नावाच्या कोल्ह्याची हकिकत कळली तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून मात्र सकाळी फाटकाजवळ खुर्ची टाकून राखणदाराची वाट बघू लागले. तो काय खातो, कुठे झोपतो, पाय कशाने दुखावला, सगळी चौकशी चाले. बरं होणारा माणूस, त्याला काहीतरी विरंगुळा हवा, म्हणून नमुनेदाराने तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात राखणदाराने पिशवी पुढे केली.

"आप्पाचं, साहेब."

"कुठले आप्पा?" नमुनेदाराने विचारलं. ही आता त्याची सवयच झाली होती.

"जंगलातला. लंगडणं कमी झालंय बरं का! तुमच्या आप्पांचे उपकार."

"म्हणजे?"

"त्यांनी गोळ्या दिल्या ना, सहा. जखमेवर उतारा म्हणाले. मांसाच्या तुकड्यातून रोज एक घातली. तीन दिवसांत चालायला लागला, मग थांबवल्या." राखणदाराने खिशावरून हात फिरवला. "उरलेल्या तीन जपून ठेवल्यात. परत कोणाला लागल्या तर."

नमुनेदार वळला. आप्पा खुर्चीत बसून दोघांचं बोलणं प्रसन्न चेहऱ्याने ऐकत होते. पायाशी पत्र्याचा डबा होता.

"आप्पा, डॉक्टरांना काय कबूल केलं होतं तुम्ही? दहाच्या दहा!"

"अरे, चार दिवसांत मला बरं वाटलं. आणि तो बिचारा तिकडे एकटा, लंगडा. आपल्याच नावाचा. त्याला कोण देणार?"

 मॅडमची पाच वर्षं, डॉक्टरांचं शेवटचं औषध, जंगलातलं एकुलतं एक स्वच्छ पोट, सगळं त्या डब्यातून गेलं होतं. नमुनेदाराला संतापही येत होता आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून गलबलूनही येत होतं.

तेवढ्यात कुठूनतरी एक लांबलचक आवाज आला. आप्पांनी दोन्ही हात पोटावर ठेवले.

"काही नाही रे," ते म्हणाले. "कालपासून जरासं गुरगुरतंय."

नमुनेदाराने बॅगेतून दोन बाटल्या काढल्या. पहिलीवर लिहिलं, 'आप्पा'. दुसरीवर लिहिलं, 'आप्पा'. मग त्याने दोन्ही एकाच खिशात टाकल्या. आता कुठली कुठली, याने काही फरक पडणार नव्हता.